मोजून खाणं, रोज चालणं, तरी काटा वर: खान्देशी ताटासाठी तपासणी

वजन किती वाढलं, यापेक्षा किती दिवसांत वाढलं हे आधी बघा. निम्मा गोंधळ तिथेच सुटतो. एक किलो चरबी साठवायला शरीराला रोजचा खर्च भागवून वर साधारण ७,७०० कॅलरी लागतात. म्हणजे आठवड्याभरात दोन किलो चरबी चढायची तर १५,४०० कॅलरी जास्तीच्या, रोजच्या २,२००. लग्नसराईत रोज पंगतीला बसणाऱ्यालाही हे जड जाईल, मोजून खाणाऱ्याची तर गोष्टच सोडा. चार-आठ दिवसांत चढलेले दीड-दोन किलो म्हणजे जवळजवळ नेहमी पाणी, मीठ आणि पोटातलं अन्न.

दोन-तीन महिने महिन्याला अर्धा किलो अशा चालीने काटा सरकत असेल, तर मात्र ती चरबी आहे असं धरून चला. महिन्याला अर्धा किलो म्हणजे रोजच्या जेमतेम १३० कॅलरी. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिली तेलात, १२० कॅलरी असतात. कॅलरी मोजायच्या अ‍ॅपमधल्या नोंदीतून रोज एवढंच सुटत असेल तरी हिशेब पुरा होतो.

दोन्हींचा इलाज वेगळा आहे. तरी लोक दोन्ही वेळी एकच करतात: काटा वर दिसला की दुसऱ्या दिवसापासून एक भाकर कमी. वाढलेलं पाणी असेल तर त्याने काही हलत नाही. तेल सुटत असेल तर ते तसंच सुटत राहतं, भूक तेवढी वाढते आणि रविवारी सगळं वसूल होतं. म्हणून खालची तपासणी होईपर्यंत ताटातलं काहीही कमी करू नका.

काटा खरं बोलतोय का?

डिजिटल काटा शहाबादी फरशीवर किंवा सतरंजीवर ठेवला तर दर वेळी वेगळा आकडा देतो. सपाट, कडक टाइल शोधा, तिच्यावर खूण करा आणि काटा तिथून हलवू नका. तपासायचा असेल तर आधी नुसते उभे राहा, मग आट्याची न फोडलेली पाच किलोची पिशवी हातात घेऊन उभे राहा. फरक ५ ते ५.१ किलो यायला हवा. तसा येत नसेल तर आधी सेल बदला, तरीही येत नसेल तर काटा बदला.

वजन सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहा-पाण्याच्या आधी, त्याच हलक्या कपड्यांत करायचं. संध्याकाळी जिममध्ये बूट घालून केलेलं आणि सकाळी घरी केलेलं वजन यांची तुलना करण्यात अर्थ नाही. दिवसभरातच एक ते दोन किलोचा फरक पडतो. आकडा रोज लिहा, पण निर्णय रोजच्या आकड्यावर घेऊ नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडा. पाळी येणाऱ्या बायकांनी आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्याऐवजी मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. पाळीआधी अर्धा ते दोन किलो पाणी धरलं जाणं सर्रास दिसतं, आणि पाळी सुरू झाल्यावर ते उतरतं.

चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे पायातून सूक्ष्म वीज सोडून अंदाज बांधतात. घाम गेला, पाणी प्यायलं की तो अंदाज हलतो. वैशाखात जळगाव-भुसावळकडच्या माणसाने त्या आकड्याकडे न बघितलेलं बरं. शिंप्याची टेप घ्या आणि श्वास सोडून बेंबीच्या रेषेत, आठवड्यातून एकदा, कंबर मोजा.

पाण्याचं वजन कुठून येतं?

व्यायाम नवा असेल किंवा अचानक वाढवला असेल तर पहिले दोन-तीन आठवडे काटा वर जाऊ शकतो. स्नायूंना न झेपलेल्या कामाने बारीक इजा होते, ती भरून काढताना तिथे पाणी साचतं. शिवाय व्यायाम करणारा स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, जास्त ठेवू लागतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत तीन-चार ग्रॅम पाणी येतं. दोन्ही मिळून दीड किलो सहज. व्यायाम थांबवला की हे उतरतं, म्हणून काहींना वाटतं की व्यायामानेच वजन वाढतं. क्रिएटिन (जिममध्ये घेतात ती पूरक पावडर) घेत असाल तर आणखी किलो-दीड किलो पाणी धरा.

जिममध्ये यावर ‘स्नायू वाढले’ असं उत्तर मिळतं. ते फारसं मानू नका. नवशिक्या तरुण पुरुषाचा स्नायू उत्तम आहार आणि नेमाने वजनं उचलून महिन्याला अर्धा-एक किलो वाढला तर खूप झालं. बायकांचा त्याच्या निम्मा. पंधरा दिवसांत तीन किलो स्नायू कोणाचेच वाढत नाहीत, नुसत्या चालण्याने तर नाहीच.

मिठाचा हिशेब सोपा आहे. नऊ ग्रॅम मीठ शरीरात जास्तीचं राहिलं तर ते सुमारे लिटरभर पाणी धरून ठेवतं. मूत्रपिंडं ते बाहेर टाकेपर्यंत काटा वर राहतो. शेवभाजी, लोणचं, तळलेले बिबडे आणि कुरडया अशा एका रात्रीच्या जेवणानंतर सकाळी किलोभर वाढ दिसली तर त्यात नवल नाही. बहुतेकांचं ते दोन-तीन दिवसांत उतरतं. त्यासाठी उपास करायची गरज नाही, नेहमीचं जेवण जेवा.

उन्हाळ्याचं वेगळं. पारा ४३-४४ च्या पुढे गेल्यावर जळगावच्या मेहरूण तलावाला एक फेरी मारून आलेला माणूस सातशे-आठशे ग्रॅम हलका दिसतो. तो घाम असतो, पाणी प्यायलं की परत येतो, आणि यायलाच हवा. याच दिवसांत शरीर उन्हाला सरावतं तेव्हा रक्तातलं पाणी वाढतं, काहींचे घोटे संध्याकाळी सुजतात. म्हणून चैत्रात व्यायाम सुरू करणाऱ्याचे पहिले दोन आठवडे हिशेबात धरू नका. जेमतेम अर्धा तास चालून रोज ओआरएस पिणंही सोडा. त्यातलं मीठ आणि साखर जुलाबासाठी किंवा फार घाम गेलेल्यासाठी आहे. साधं पाणी पुरतं. फार तर ताक.

आहारात एकदम डाळी-भाज्या वाढवल्या आणि पाणी मात्र तेवढंच राहिलं, तर पोट साफ होत नाही. त्याचंही अर्धा-एक किलो वजन काट्यावर दिसतं.

तेल, आणि अ‍ॅपमधल्या नोंदी

आता हळू सरकणाऱ्या काट्याकडे. खान्देशात तपासणीची सुरुवात तेलापासून करा. आपल्या स्वयंपाकात तेल फोडणीपुरतं नसतं, तो पदार्थाचा घटक असतो, आणि अ‍ॅपमधल्या तयार नोंदी दुसऱ्याच कुणाच्या स्वयंपाकघरातल्या असतात.

भरताचंच घ्या. अ‍ॅपमध्ये ‘बैंगन भर्ता’ सापडतो तो कांदा-टोमॅटोचा पंजाबी. आपलं भरीत हिरव्या वांग्यांचं. चार माणसांसाठी वांगी १ किलो (सुमारे २५० कॅलरी), तेल १०० मिली (८२०), शेंगदाणे ७५ ग्रॅम (४२५), खोबऱ्याचे काप २५ ग्रॅम (१६५), कांद्याची पात २०० ग्रॅम (६५), मिरची-लसूण-कोथिंबीर मिळून ३०. एकूण १,७५५, म्हणजे माणशी ४४० च्या आसपास. त्यातलं वांगं माणशी साठ-पासष्टचं आहे, उरलेलं तेल, दाणे आणि खोबरं. ‘एक वाटी भाजी’ अशी नोंद केली तर किती सुटेल ते दिसतंच आहे. बाजूची पुरी किंवा कळण्याची भाकरी अजून धरलेलीच नाही.

शेवभाजीत आणखी एक फसवणूक आहे. माणशी शेव ६० ग्रॅम धरली तर ३३० कॅलरी, तेल २५ मिलीचे २०५, सुकं खोबरं १५ ग्रॅमचे १००, कांदा-मसाल्याचे ३०, एकूण ६६५. पण तेल वर तरंगतं. तर्री आवडणाऱ्याच्या वाटीत चाळीस मिली जातं आणि तळातून वाढून घेणाऱ्याच्या वाटीत दहा. एकाच पातेल्यातल्या दोन वाट्यांत अडीचशे कॅलरींचा फरक पडतो तो असा. रस्सा खालपासून हलवून लगेच वाढला तरच ‘चौथा हिस्सा’ हा हिशेब खरा. ढाब्यावर हे जमत नाही, तिथे सरळ ८०० लिहा.

घरचं तेल मोजायला दोन रीती आहेत. पहिली महिन्याची: महिन्याला पाच लिटर तेल संपतं आणि खाणारी माणसं चार, तर माणशी रोज सुमारे ४२ मिली, म्हणजे ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. तुमच्या नोंदीत तेलाच्या रोज दीडशेच कॅलरी दिसत असतील तर उरलेलं कुठेतरी लिहायचं राहिलंय. तळून उरलेलं, टाकून दिलेलं आणि पाहुण्यांवर खर्च झालेलं तेल यातून वजा करा. दुसरी रीत रोजची: फोडणीची पळी भरून पाणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. जितके ग्रॅम पाणी तितके मिली. चाळीस-पन्नास मिलीची पळी घरोघरी सापडते, आणि अ‍ॅपमध्ये ती ‘एक चमचा’ म्हणून जाते.

भाकर किती पिठाची?

अ‍ॅपमधली एक भाकरी तळहाताएवढी, तीस-चाळीस ग्रॅम पिठाची असू शकते. आपल्याकडची भाकर तव्याएवढी. पीठ १०० ग्रॅम असेल तर ज्वारीची भाकर सुमारे ३४० कॅलरींची होते. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, जवळपास तेवढीच. थापलेल्या भाकरीवरून पीठ कळत नाही, म्हणून उंडा मोजा. ५०० ग्रॅम पिठात ४०० ग्रॅम पाणी गेलं तर गोळा ९०० ग्रॅमचा. १८० ग्रॅमच्या उंड्यात पीठ १०० ग्रॅम. घरात भाकरी करणारा हात एकच असेल तर दोन-तीन दिवस मोजलं तरी पुरे, उंडा रोज तेवढाच पडतो. आई-काकूच्या हाताचा तो अंदाज भल्याभल्या काट्यांना मागे टाकतो.

कच्चं की शिजलेलं, हीसुद्धा नेहमीची चूक. १०० ग्रॅम तांदळाच्या ३५० कॅलरी, त्याचा भात होतो २८०-३०० ग्रॅम. तांदूळ कच्चा तोलून ‘भात १०० ग्रॅम’ असं नोंदवलं तर १३० च दिसतात आणि २२० गायब. डाळीचं तसंच. नियम एक ठेवा: सगळं कच्चं तोलायचं, शिजल्यावर पातेल्यासकट वजन घ्यायचं, रिकाम्या पातेल्याचं वजा करायचं आणि आपल्या वाट्याचं प्रमाण काढायचं. रिकाम्या पातेल्याचं वजन रंगाच्या पेनाने तळाला लिहून ठेवलं की रोजची कटकट वाचते.

वरण-बट्टीत किती तेल मुरलं हे डोळ्यांना कळत नाही. तळण्याआधी कढई तेलासकट तोला, तळून झाल्यावर गार होऊ द्या, परत तोला. जो फरक येईल तो साधारण बट्टीत गेलेला. माणशी १०० ग्रॅम रवाळ पीठ (३४०), १५ ग्रॅम मुरलेलं तेल (१३५), वरून २० ग्रॅम तूप (१८०) धरलं तर वरण आणि घोटलेली वांगी सोडूनच ६५५ होतात. चुलाणात भाजलेल्या बट्टीत तेल वाचतं खरं, पण ती तुपात बुडवून खायची रीत असेल तर वाचलेलं परत येतं.

आणखी काही जागा, पटापट. साबुदाण्याची खिचडी: साबुदाणा १०० ग्रॅम, कूट ४० ग्रॅम, तूप १५ ग्रॅम म्हणजे ७०० च्या वर, उपासाचा दिवस नोंदीतून सुटतो तो ‘आज काही खाल्लं नाही’ या भावनेने. मलईच्या दुधाचा, दोन चमचे साखरेचा चहा शंभराचा. दुकानात बसणाऱ्याचे दिवसाला चार होतात, येणारा-जाणारा पाजतो ते वेगळे. मूठभर शेंगदाणे १७०. केळ्याचे वेफर्स १०० ग्रॅमला सुमारे ५२०. केळं मात्र बदनाम आहे उगाच: सालीशिवाय १२० ग्रॅमचं केळं ११० च्याही आत. ठेच्यात कूट आणि तेल असेल तर तो लिहा, नुसत्या मिरची-लसणाचा असेल तर सोडून द्या. पाकिटावरचे आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका खेपेचे, हे बघून घ्या.

आणि शनिवार-रविवार. पाच दिवस रोज ५०० ची तूट ठेवली म्हणजे २,५०० जमा. एका लग्नाची पंगत आणि एक रविवारची भरीत पार्टी, दोन्हींना १,२०० जादा, की शंभर उरले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, श्रावणात कानबाईचे रोट, हे सोडायला कोणी सांगत नाही. त्या दिवसांची नोंद कोरी ठेवू नका एवढंच. अंदाजाने लिहिलेला मोठा आकडा कोऱ्या रकान्यापेक्षा खूप कामाचा.

व्यायामाचा हिशेब दोनदा होतोय का?

सत्तर किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरने तासभर चालला तर साधारण २४५ कॅलरी जळतात. त्यातल्या ७० तो घरी बसूनही जाळणार होता, म्हणजे चालण्याची खरी कमाई १७५. मनगटावरची घड्याळं यापेक्षा बरंच जास्त दाखवू शकतात आणि अ‍ॅप तेवढ्या कॅलरी ‘आज आणखी खाऊ शकता’ म्हणून परत देतं. हे परत देणं सेटिंगमधून बंद करा.

त्याहून मोठी चूक सुरुवातीलाच झालेली असते. ३८ वर्षांची, ७२ किलो वजनाची, १५६ सेंटिमीटर उंचीची बाई घ्या. मिफ्लिन–सेंट जिओर सूत्राने (१० × वजन + ६.२५ × उंची − ५ × वय, बायकांसाठी वजा १६१, पुरुषांसाठी अधिक ५) विश्रांतीचा खर्च १,३४४ येतो. ‘थोडी हालचाल’ निवडली तर १.३७५ ने गुणून १,८४८. ‘मध्यम’ निवडली तर १.५५ ने २,०८३. मध्यममध्ये व्यायाम आलेला असतो. तरी वरून चालण्याचे २४५ नोंदवले की अ‍ॅप २,३२८ दाखवतं, खऱ्यापेक्षा कदाचित ४८० ने जास्त. सकाळी तासभर चालून उरलेला दिवस गल्ल्यावर किंवा खुर्चीत जात असेल तर ‘थोडी हालचाल’ हेच निवडा.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक घडतं. सकाळचं चालणं तेवढंच राहतं, पण दहानंतर कूलरसमोरून कोणी हलत नाही. चालण्याचं अंतर न बघता दिवसभराची पावलं बघा. हिवाळ्यात नऊ हजार असलेली उन्हाळ्यात पाच हजार झाली असतील, तर सकाळच्या फेरीची बरीचशी कमाई तिथे गेली.

औषधं आणि आजार

खाण्याच्या नोंदी पक्क्या असूनही काटा चढत असेल तर चालू गोळ्यांची यादी काढा. स्टेरॉइड, इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, ओलान्झापिन, मिर्टाझापिन, व्हॅल्प्रोएट, प्रीगाबालिन, काही बीटा-ब्लॉकर यांनी वजन वाढू शकतं. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात. यातली कुठलीही गोळी स्वतः बंद करू नका, स्टेरॉइड तर अचानक मुळीच नाही. गुडघेदुखीवर बाजारात किंवा जत्रेत मिळणारी, घटक न छापलेली पुडी घेत असाल तर डॉक्टरांना ती दाखवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं आणि चेहरा गोल होणं, पोट सुटणं ही त्याची खूण असते.

थायरॉइड मंदावल्याने वजन वाढतं, पण बहुधा दोन ते पाच किलो, आणि त्यात बरंचसं मीठ-पाणी. पंधरा किलोचा दोष एकट्या थायरॉइडवर टाकता येत नाही. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं अशी लक्षणं असतील तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. पाळी अनियमित असेल तर पीसीओएस, म्हणजे अंडाशय-हार्मोनचा विकार, आहे का ते तपासून घ्या. पाळी चुकली असेल तर आधी गर्भचाचणी.

दोन-तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ, नडगीवर बोट दाबल्यावर खळगा राहणं, आडवं पडल्यावर धाप लागणं, लघवी कमी होणं: यांतलं काही एकत्र दिसलं तर हा कॅलरींचा प्रश्न राहिलेला नाही. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चार आठवड्यांची दुरुस्ती

जेवण नेहमीचंच ठेवा, फक्त तेल, पीठ, चहा आणि दाणे तोलून लिहा. व्यायाम वाढवू नका, कमीही करू नका. चार आठवड्यांनी पहिल्या आणि चौथ्या आठवड्याची सरासरी ताडा. मधलं अंतर २१ दिवसांचं. समजा ०.६ किलो वाढ दिसली. ०.६ × ७,७०० = ४,६२०, भागिले २१, म्हणजे रोज २२० जास्त जातायत. तुमची नोंद १,६०० दाखवो की १,९००, खर्च त्या आकड्यापेक्षा २२० ने कमी आहे, हे नक्की झालं. नोंद थोडी चुकीची असली तरी रोज सारखीच चुकत असेल तर हा हिशेब चालतो. आज तोलून आणि उद्या अंदाजाने लिहिलं तर मात्र चालत नाही.

आठवड्याला ०.४ किलो उतरवायचं असेल तर रोज ४४० ची तूट हवी, अधिक हे २२०, मिळून ६६०. ऐकायला मोठं वाटतं. भाजी-आमटीतलं ३० मिली तेल (२४५), दोन चहा (२००) आणि संध्याकाळची दाण्याची मूठ (१७०) काढली की ६१५ होतात आणि भाकरीला हात लागत नाही. हे सगळं एका आठवड्यात करू नका, आधी तेल काढा. भरतात १०० मिलीऐवजी ४० मिली घालायचं असेल तर लसूण-मिरची निखाऱ्यावर किंवा कोरड्या तव्यावर भाजून घ्या आणि तेल शेवटी घाला. चवीला तेवढं पुरतं. शेवभाजीत शेव वाढायच्या वेळीच टाका, आधी टाकली की ती रस्सा पिते आणि पातेल्यात परत तेल-पाणी वाढवावं लागतं.

डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय बायकांनी रोज १,२०० आणि पुरुषांनी १,५०० कॅलरींच्या खाली जाऊ नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर कमी करण्याआधीच विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि चार-पाच किलो उतरले की सूत्रात नवीन वजन घालून खर्च पुन्हा काढा, कारण हलक्या शरीराला जगायला आणि चालायला, दोन्हींना कमी लागतं.